बेकरीपाशी डावीकडे

२ मार्च, गुरुवार

सकाळी पाऊस, दुपारी कोरडं. रस्ते निसरडे, पण चालवण्याजोगे.

(छत्तीस वर्षं बसच्या लॉगवहीत पहिली ओळ हीच लिहिली. निवृत्तीला नऊ वर्षं झाली, तरी पेन हातात आलं की आधी हवामानच उतरतं.)

नॅडीनचा ॲरिझोनाहून फोन. ती आणि जावईबापू पुढच्या गुरुवारी येतायत, रविवारी परत. तिच्या आईच्या, आयरीनच्या, अंत्यविधीनंतर लेक पहिल्यांदाच येतेय, साडेतीन वर्षांनी. मी विचारलं, विशेष काय? तर म्हणाली, विशेष काही नाही, ट्रेव्हरला शहर दाखवायचंय. तेही खरंच. गेल्या खेपेला त्याने चर्च, दफनभूमी आणि विमानतळ एवढंच पिट्सबर्ग पाहिलं. तेवढ्यावर कुठल्याही शहराबद्दल मत वाईटच होणार.

मग तिने विचारलं, शेगडी आठवणीने बंद करतोस ना? करतो. जेवतोस वेळेवर? जेवतो. गोळ्या? घेतो. आमच्या डेपोत दर वर्षी तपासणी व्हायची, तिथेसुद्धा डॉक्टर एवढं खोदून विचारायचा नाही. लेकीची माया म्हणायची आणि सोडून द्यायचं.

फोन ठेवल्यावर मात्र डोक्यात एक चक्र सुरू झालं. तिचं काम म्हणे कॉम्प्युटरवर कुठूनही करता येतं. कुठूनही म्हणजे इथूनही. वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. तीन दिवसांत शहर असं दाखवायचं की जावईबापूंनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं पाहिजे, नॅडीन, आपण इथेच राहू या. मी अवाक्षर काढणार नाही. मला लेक परत हवी आहे, पण मागितली असं व्हायला नको.

४ मार्च, शनिवार

ढगाळ. वारा पश्चिमेचा.

कार्यक्रम तयार केला. काय बघायचं, काय खायचं, कुठे किती मिनिटं, सगळं वेळापत्रकासारखं. शुक्रवारी चर्चच्या तळघरातले मासे आणि पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या. शनिवारी इन्क्लाइनने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या डब्याने, डोंगरावर, तिथून तिन्ही नद्या, मग पोटात फ्राइज कोंबलेलं सँडविच. मध्ये दोन म्युझियम ठेवली होती, ती काढली. म्युझियम बघून कोणी घर बदलत नाही. सँडविच खाऊन बदलू शकतो.

मिसेस पलुम्बो दुपारी बिस्किटं घेऊन आल्या. या शेजारीणबाई शहात्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांना प्रत्येक गोष्टीत नाक खुपसल्याशिवाय अन्न पचत नाही. कार्यक्रम वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "एमिल, ते शहर बघायला येत नाहीयेत. ते तुला बघायला येतायत."

मी म्हटलं, एकच की. छत्तीस वर्षं या शहराला मीच फिरवलं.

त्या उठल्या. न्हाणीघरातली घसरणारी सतरंजी गुंडाळून ठेवली आणि भिंतीवरचं कॅलेंडर उलटून मार्च काढला. मला फेब्रुवारीतला पुलाचा फोटो आवडतो म्हणून तसाच ठेवला होता. म्हणाल्या, निदान रविवारपर्यंत तरी मार्च राहू दे. बाईंचं डोकं कुठे चालतं ते त्यांनाच ठाऊक.

६ मार्च, सोमवार

कोरडं. थंडी.

बसने फिरून सगळ्या वेळा तपासल्या. सगळं दोन मिनिटांच्या आत बसतंय.

खुर्ची धुतली. ही आमच्या जेवणाच्या टेबलाची चौथी खुर्ची, आयरीनची. घरासमोर गाडी लावायची जागा धरायला ती रस्त्यात ठेवतो, आमच्या चढावर सगळेच काही ना काही ठेवतात. पलुम्बोबाईंची इस्त्रीची घोडी आहे. दुसऱ्याची खुर्ची हलवणारा माणूस अजून या गल्लीत जन्मला नाही. गुडघ्यांमुळे मी गाडी विकून दोन वर्षं झाली, पण खुर्ची रोज सकाळी नेमाने बाहेर ठेवतो. लेक अचानक आली तर गाडी काय डोक्यावर लावणार?

एक पाय आखूड आहे, त्यात उतार, त्यामुळे डुगडुगते. आयरीनला ते अजिबात खपत नाही.

९ मार्च, गुरुवार

स्वच्छ ऊन. माझ्या पथ्यावर.

विमान वेळेवर, पाहुणे एक तास उशिरा. भाड्याची गाडी जावईबापू चालवत होते आणि जावईबापूंना फोन चालवत होता. फोनने त्यांना नेऊन घातलं जिन्याच्या पायथ्याशी. आमच्याकडे जिन्यालाही रस्त्याचंच नाव असतं, पाटीसुद्धा असते. फोन बिचारा सपाट मुलखातला, त्याला काय कळणार! नॅडीनने कळवलं की रस्ता संपलाय आणि समोर दोनशे पायऱ्या आहेत.

मी म्हटलं, मागे फिर, खाली ये, डुडाशच्या बेकरीपाशी डावीकडे घे.

ती हळूच म्हणाली, "बाबा, डुडाशची बेकरी बंद होऊन सतरा वर्षं झाली."

"मग? कोपरा कुठे गेलाय?"

"तसं नाही. बेकरी *होती* तिथे, असं म्हण ना. 'होती' म्हण."

म्हटलं, बरं, होती. लेकीचा पहिलाच दिवस, वाद कशाला! पण आमच्या शहरात रस्ता असाच सांगतात. ज्याला बेकरी ठाऊक नाही त्याने आधी माणसं ओळखीची करावीत, मग रस्ते विचारावेत.

आली. बारीक झालीय. दारात मला धरून बराच वेळ उभी राहिली, इतका वेळ की मला काय करावं सुचेना. मी तिच्या पाठीवर थोपटलं, बस सुरू होताना दरवाज्यावर थोपटायचो तसं.

जावईबापू उंच, गोरेपान, दात जाहिरातीतले. ते खुर्चीकडे बघत होते. विचारलं, ही कुणाची? माझी. पण तुमच्याकडे गाडी नाही ना? नाही. मग खुर्ची? मी म्हटलं, जागा धरायला. कशासाठी? गाडीसाठी. त्यांनी फोन काढून काहीतरी टिपून घेतलं. पहिल्याच दिवशी माणूस गावच्या चालीरीती लिहून घेतोय! मला बरं वाटलं.

जेवताना मी म्हटलं, आयरीनला हे सूप जास्त मिरीचं लागतं. नॅडीन म्हणाली, लागायचं, बाबा. तिचा चमचा थांबला होता. मी म्हटलं, लागायचं. पण सूप तेच आहे आणि मिरी अजून तितकीच घालतो.

१० मार्च, शुक्रवार

ढगाळ. संध्याकाळी भुरभुर बर्फ, साचलं नाही.

जावईबापूंनी सकाळी विचारलं, आज कोणती तारीख? मी सांगितलं, दहा मार्च, शुक्रवार, ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांतला तिसरा, मांस वर्ज्य, म्हणून मासे. थोड्या वेळाने विचारलं, आपण सध्या कुठल्या शहरात आहोत? मी चमकलो. गाडीचा शीण असेल म्हणून मऊ आवाजात सांगितलं, पिट्सबर्ग.

चर्चला जाताना गाडी तेच चालवत होते. सिग्नल हिरवा झाला आणि हे थांबून राहिले. मी म्हटलं, घ्या डावीकडे, समोरचा थांबतो. म्हणाले, समोरून सरळ येणाऱ्याला कापून वळायचं? आधी हक्क त्याचा आहे. मी म्हटलं, हक्क आहे हो, पण इथे पहिला डावीकडे वळणारा जातो, समोरचा हात करतो, सगळ्यांचंच लवकर होतं. मागे सात गाड्यांनी भोंगे लावले तेव्हा पठ्ठ्या वळला, तोही डोळे मिटल्यासारखा. मग पुन्हा फोनमध्ये टिपण.

चर्चचं तळघर खच्चून भरलं होतं. ताटाबाहेर लोंबणारा मासा, लोण्यात कांदा परतून त्यात घोळवलेल्या बटाट्याच्या पिरोगी, कोबी. अर्ध्या तळघराला मी कधी ना कधी शाळेत, कामावर किंवा प्रसूतीला पोचवलंय. एक जण येऊन म्हणाला, एमिल, कारखान्याच्या फाटकापाशी अजून पाणी साचतं बरं का. मी म्हटलं, साचणारच, उतार तिकडचाच. जावईबापूंनी विचारलं, कुठला कारखाना? तो म्हणाला, तो पाडला की मागेच. जावईबापूंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

मग त्यांनी एक गंमत काढली. म्हणाले, बाबा, मी तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा, मी नंतर विचारीन. इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, सफरचंद, पूल, खुर्ची. ॲरिझोनात संध्याकाळी दुसरं काही करण्यासारखं नसावं. त्यानंतर ताटाखालचा कागद पुढे केला आणि म्हणाले, यावर घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मी काढलं. खाली अकरा दहाच्या दोन्ही बस लिहिल्या, एक रोजची, एक शनिवारची. जावईबापू तो कागद उलटसुलट करून बघत राहिले. काट्यांचं घड्याळ वाचता येत नसेल हे माझ्या लक्षात आलं आणि मीच ओशाळलो. मिनिटकाटा कुठला ते बोटाने दाखवलं.

नॅडीन मध्येच उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, कांदा. कांदा तर परतलेला होता.

तीन शब्द त्यांनी मग विचारलेच नाहीत. विसरले बहुतेक.

११ मार्च, शनिवार

धुकं. दाट. इतकं की समोरची इस्त्रीची घोडी दिसेना.

सकाळी पाव आणायला जावईबापू स्वतःहून निघाले. मी रस्ता समजावून सांगितला. बेकरीपाशी (होती तिथे!) डावीकडे, न्हाव्याच्या दुकानावरून सरळ, शाळेला वळसा. दुकान दहा मिनिटांवर. माणूस दीड तासाने आला. गुडघा फुटलेला, पँटला चिखल, पाव नाही. फोनच्या भरवशावर जिना उतरले, घसरले, फोन पायऱ्यांवरून खाली गेला आणि मेला. वाटेत चार जणांना रस्ता विचारला म्हणे. चौघांनीही डुडाशच्या बेकरीपाशी वळायला सांगितलं.

"एकानेही 'होती' म्हटलं नाही," जावईबापू खुर्चीत बसत म्हणाले, "त्यातली एक मुलगी तर वीस वर्षांचीसुद्धा नसेल."

नॅडीनला हसू फुटलं. किती दिवसांनी ऐकलं ते! आईसारखीच हसते, आधी आवाज नाही, नुसते खांदे. मी जखमेला औषध लावलं. मनात मात्र पाल चुकचुकली. दहा मिनिटांचा रस्ता, नीट समजावून सांगितलेला, आणि धडधाकट माणूस हरवतो?

दुपारी इन्क्लाइनने वर गेलो. डब्यात आम्ही तिघंच. वर कठड्यापाशी उभं राहून बघतो तर काय, पांढरं. नद्या नाहीत, पूल नाहीत, इमारती नाहीत. छत्तीस वर्षांत इतकं वाईट धुकं तीनदा पाहिलं असेल. माझा सगळा कार्यक्रम त्या दृश्यावर उभा होता.

पण हात टेकायचे नाहीत. मी जावईबापूंना बोट करून दाखवायला सुरुवात केली. ही डावीकडची नदी, तिच्या काठाने भट्ट्या, रात्रपाळीला आभाळ नारिंगी. तिथे घड्याळाचं मोठं दुकान, त्याच्या घड्याळाखाली मी आयरीनची पहिल्यांदा वाट बघितली, ती सव्वीस मिनिटं उशिरा आली. तो चित्रपटगृहाचा दिवा. ती नॅडीनची स्केटिंगची जागा, तिथे तिने हात मोडला. एरवी त्या सगळ्या ठिकाणी आता गाड्यांचे तळ आणि काचेच्या कचेऱ्या दिसल्या असत्या, मध्ये मध्ये आल्या असत्या. आज धुक्याने तेवढं बरं केलं.

नॅडीन माझ्या दंडाला धरून उभी होती. जावईबापूंनी विचारलं, बाबा, तुम्हाला हे सगळं आत्ता दिसतंय? मी म्हटलं, तुम्हाला नाही दिसत? त्यांनी खिशातून कागद काढला, लिहिलं आणि मान हलवली. मला त्यांची कीव आली.

सँडविच अर्धं टाकलं त्यांनी. म्हणाले, पावात फ्राइज कोण घालतं! सॅलड मागवलं, तर सॅलडवरही फ्राइज.

संध्याकाळी ते दोघं वर गेले तेव्हा सोफ्याच्या फटीत एक चकचकीत पुस्तिका सापडली. ॲरिझोनातली 'पालो डोराडो' नावाची वसाहत, पंचावन्नच्या पुढच्या मंडळींसाठी. पानोपानी म्हातारी माणसं सॅलड खाताना हसतायत. त्या सॅलडवर तर फ्राइजही नाहीत, मग एवढं हसायला काय झालं कळेना. शेवटच्या पानावर 'स्मरणशक्ती ढासळलेल्यांसाठी वेगळा विभाग' या ओळीभोवती पेनाने गोल केलाय. नॅडीनचा गोल मी ओळखतो, लहानपणापासून ती तो वर उघडाच ठेवते.

आणि एकदम डोक्यात उजेड पडला. तारीख विचारणं. कुठल्या शहरात आहोत विचारणं. घड्याळ. तीन शब्द सांगून विसरून जाणं. सगळं कागदावर टिपून ठेवणं. दहा मिनिटांच्या वाटेवर हरवणं. माझ्या लेकीच्या वाट्याला हे! जेमतेम पन्नाशीचा माणूस. ती पोर कांद्याच्या नावाखाली रडते आणि मी मूर्ख तिला पिरोगी वाढतोय.

म्हणूनच आली ती. बापाला सांगायला आली आणि तोंडातून शब्द फुटेना. पुस्तिका होती तिथे ठेवली नाही, माझ्या कोटाच्या खिशात ठेवली. तिला पुन्हा पुन्हा बघायला नको.

निजण्याआधी, नेहमीप्रमाणे, घड्याळं एक तास पुढे केली.

१२ मार्च, रविवार

स्वच्छ, वारा. रस्ते मोकळे, बोगदा सोडून.

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

विमान दहा पन्नासचं. मी सातला उठलो, तळघरात जाऊन त्यांच्यासाठी लोणच्याची बरणी काढली, बांधली. वर येतो तर स्वयंपाकघरातलं घड्याळ सव्वासात दाखवतंय. माझ्या मनगटावर सव्वाआठ. जावईबापू शांतपणे कॉफी पीत बसलेले. मी स्टुलावर चढून घड्याळ नीट केलं. ते उठले आणि मला खाली उतरवत फार प्रेमाने म्हणाले, "राहू द्या बाबा. एक तास पुढे होतं, मी सकाळीच बरोबर केलंय."

मी म्हटलं, नाही हो, आज पुढेच हवं. ते म्हणाले, हो, हो, आणि काटे पुन्हा मागे घेतले. मी पुन्हा पुढे केले. आवाज ऐकून नॅडीन केस पुसत खाली आली. घड्याळाच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघं बघून तिचा चेहरा पडला. मी तिला नजरेने सांगितलं, मला सगळं कळलंय, मी सांभाळतो. तिने बहुतेक जावईबापूंना नजरेने तेच सांगितलं.

"बाबा, बस जरा," ती म्हणाली, "आपल्याला बोलायचंय." माझा हात हातात घेतला. मीही तयार होतो. म्हणणार होतो की घाबरू नकोस, मी आहे.

तेवढ्यात दार ढकलून पलुम्बोबाई आत आल्या, प्रार्थनेचा कोट, हातात वाटेसाठी बिस्किटांचा डबा. म्हणाल्या, "तुम्ही अजून इथेच? पावणेनऊ वाजले. की ॲरिझोनात अजून घड्याळं पुढे करत नाहीत?"

नॅडीन वर धावली, बॅगेतून फोन काढला आणि जिन्यातूनच एक शब्द उच्चारला. तो मी इथे लिहीत नाही. मार्चातल्या दुसऱ्या रविवारी बाकी देश घड्याळ तासभर पुढे करतो, ॲरिझोनात खरंच करत नाहीत म्हणे, वर्षभर एकच वेळ. जावईबापू आपल्या घड्याळाकडे बघत राहिले. त्या क्षणी त्यांचा चेहरा अगदी हरवलेला होता. मी म्हटलं, होतं असं, मनाला लावून घेऊ नका.

गाडी नॅडीनने घेतली. मी पुढे बसलो, वाट दाखवायला. रेडिओवर सांगत होते की बोगद्यात ट्रक आडवा झालाय, वाहतूक पूर्ण ठप्प. मागून जावईबापू म्हणाले, संपलं. मी म्हटलं, डोंगरावरून जाऊ.

तिला सांगत गेलो. न्हाव्यापाशी उजवीकडे. मग वर, शाळेच्या मागून. आता कारखान्याच्या फाटकापर्यंत सरळ. मी सांगायचो आणि ती वळायची. "स्केटिंगच्या इथून?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, त्याच्या पुढचं, तुझा दात पाडला त्या डॉक्टरापाशी. वळली. मग मी सांगायच्या आधीच ती वळायला लागली. सिग्नल हिरवा झाला तशी समोरच्याआधी सुळकन डावीकडे घेतली, समोरच्याने हात केला, तिने हात केला. चाळीस मैलांच्या वेगात लेक माझी शिट्टी वाजवत होती.

विमानतळावर साडेनऊ. उतरताना तिने चावी काढली नाही, तशीच स्टिअरिंग धरून बसली.

"बाबा, ती खुर्ची तू कोणासाठी ठेवतोस?"

हा काय प्रश्न! मी म्हटलं, "तुझ्यासाठी. दुसरं कोण येतं?"

ती स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली. मी घड्याळ बघत होतो, गाडी परत द्यायची, सामान, तपासणी, सगळं डोक्यात. दोन मिनिटांनी म्हटलं, नॅडीन, उशीर होईल. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, आई असती तर मला एक ठेवून दिली असती. मी म्हटलं, असती. मला ठाऊक आहे की ती गेली. ऑक्टोबरात चार वर्षं होतील, शवपेटीच्या उजव्या बाजूला पुढे मीच होतो. पण ती घरात कुठे बसायची ते कुठे गेलंय? एवढं बोललो आणि उतरून त्यांच्या बॅगा काढायला लागलो.

जावईबापूंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मग खिशातला तो टिपणांचा कागद काढून कचरापेटीत टाकला. मी म्हणणार होतो की अहो, ठेवा, तुम्हाला लागेल. पण घोळ नको म्हणून गप्प बसलो.

बसने परत आलो. एका माणसाने विचारलं, डाउनटाउनला कुठे उतरू? म्हटलं, घड्याळाच्या दुकानापाशी.

१९ मार्च, रविवार

ऊन. रस्ते कोरडे.

आठवडाभर लिहिण्यासारखं काही झालं नाही. कॅलेंडर पुन्हा फेब्रुवारीवर आणलं.

आज नॅडीनचा फोन. मी ठरवलं होतं की आता स्पष्ट बोलायचं. तिला म्हटलं, ती पुस्तिका माझ्याकडे आहे. गोल केलेलं पानही बघितलं. ती म्हणाली, "बाबा, मला माफ कर. मी तुला विचारायला हवं होतं."

म्हटलं, माफी कसली, तुझा जीव टांगणीला लागला असणार. पण एक ऐक, बापाचा सल्ला. ट्रेव्हरला अशा ठिकाणी टाकू नकोस.

"ट्रेव्हरला?"

"माणूस विसरतो, हरवतो, घड्याळ त्याला कळत नाही. मान्य. म्हणून काय अनोळखी लोकांत नेऊन सोडायचं? त्याला इकडे घेऊन ये. इथे कोणालाही वाट विचारली तर एकच वाट सांगतील. आणि त्याला म्हणावं, सफरचंद, पूल, खुर्ची. मी लक्षात ठेवलेत, त्याला लागतील तेव्हा विचार म्हणावं."

पलीकडे आवाज येईना. मला वाटलं फोन तुटला. मग कळलं, हसतेय, आईसारखी, आधी नुसते खांदे. आणि मग रडायला लागली, आणि मग दोन्ही. तीन शब्दांत एवढं काय आहे मला समजलं नाही. मागून जावईबापू विचारत होते, काय झालं, काय म्हणाले? ती त्यांना सांगू शकत नव्हती. बिचारी.

शांत झाल्यावर म्हणाली, जूनमध्ये येतो आम्ही, एक महिना. इथून काम करून बघते. आणि म्हणाली, "मी स्वतः गाडी चालवत येईन. फोन नको. बेकरीपाशी डावीकडे, ना?"

'होती' म्हणायला विसरली. मी काही बोललो नाही. तिला आधीच एक माणूस सांभाळायचाय.

पुस्तिकेची आता गरज नाही. जाड कागद, वाया कशाला घालवायचा? चार घड्या घातल्या आणि खुर्चीच्या आखूड पायाखाली सारली, हसऱ्या माणसांची बाजू खाली. बसून बघितलं, अजिबात डुगडुगत नाही. आयरीनला बरं वाटेल.